सत्तावीस नंबरचा साचा

दारव्ह्याच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, तरी मांडव होता. नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर पाहुणे बसायचे होते आणि पंगतीच्या जागी बेचाळीस माणसं ओळीनं बसली होती, एकेक पाय पुढे करून. म्हणजे जेवढा उरला होता तेवढा. कुणाचा गुडघ्याखाली वीतभर, कुणाचा चार बोटं. वरती पंखे घरघरत होते. मागच्या लग्नातली थर्मोकोलची अक्षरं भिंतीवर तशीच होती, कुणी काढली नव्हती.

ओळीत पुढे साधना आणि मागे बाबाराव, ही त्यांची चार वर्षांची रीत. साधना नागपुराहून शिकून आलेली, हातात कॉपिंग पेन्सिल. ती उरलेल्या पायावर पातळ सुती मोजा चढवायची, तो ओला करायची आणि हाडं चाचपून खुणा करायची. वाटीवर, नडगीवर, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला जे सुपारीएवढं हाड लागतं त्यावर. बाबाराव त्याला सुपारीच म्हणत. खुणेला गोल काढायचा नाही, ठिपके द्यायचे, हे बाबारावांनीच तिला शिकवलं होतं. गोल फिसकटतो, ठिपका जागा सोडत नाही. मग मागून बाबाराव भिजल्या प्लास्टरच्या पट्ट्या घेऊन यायचे आणि पाय गुंडाळायचे. ओली पेन्सिल निळी-जांभळी होते, मोज्यावरून प्लास्टरच्या आतल्या अंगाला उमटते, त्या पोकळीत पांढरा लगदा ओतला की त्यावरही उमटते. माणूस आपल्या गावी निघून जातो, त्याच्या हाडांचा पत्ता साच्यावर राहतो. कानस चालवणाऱ्याला तो पत्ता सापडला नाही तर तो आंधळा.

बाबाराव यवतमाळला एका संस्थेच्या कारखान्यात एकतीस वर्षं पाय बनवत होते. हाताला प्लास्टरचा वास होता, तो साबणानं जात नसे.

सव्वीस नंबरवर धावजी नावाचा म्हातारा होता. तो म्हणाला, "भाऊ, मले जरा लांब करून दे पाय. बुढी उंच हाये माह्यी."

"दोन्ही लांब करू का?"

"दोन्ही कशानं करशीन? एक तं देवानं देल्ला हाये, त्याले हात नोको लावू."

ओळ हसली. साधनाही हसली आणि धावजीच्या नडगीवर शेवटचा ठिपका देऊन पुढच्या बाईला मोजा चढवू लागली. मोजा चढवून तो ओला केला, तेवढ्यात दाराशी फटाके वाजले. पाहुणे आले. संस्थेचे सचिव लगबगीनं आले, "साधना, ओवाळायले बाईमाणूस पाहिजे, चाल लवकर."

साधना पेन्सिल खिशात टाकून गेली.

बाबाराव धावजीचं आटपून सत्तावीस नंबरपाशी आले. चाळिशीची बाई, दंडावर पांढऱ्या बांगड्यांची उतरंड, कपाळाशी चांदीची घुगरी. लमाणी तांड्यावरची. नाव सुखीबाई. पाय गुडघ्याखाली चांगला सात बोटं होता. अशा पायाला बाबाराव मनात 'नशीबवान' म्हणत. गुडघा शाबूत असला की पाय खरा चालतो.

"जय सेवालाल, बाई."

"जय भीम, भाऊ." त्यांच्या खिशावरचा बिल्ला तिनं आधीच पाहून ठेवला होता.

"कशानं गेला?"

"उसाच्या ट्रॉलीखाली. कडं होतं पायात. ते कापाले मशीन आनली आधी, मंग पाय कापला."

ओल्या मोज्यातून ठिपके दिसत होते. सुपारीवर पाच, नडगीवर तीन. निळसर, नीट जागच्या जागी. बाबारावांनी पट्टी पिळली आणि गुंडाळायला घेतलं. विचारावं असं काही नव्हतंच. डोळ्यांना दिसत होतं.

साधना हळदीकुंकवाची बोटं पुसत परत आली तेव्हा सत्तावीस नंबरचा पाय पांढरा झाला होता. काकांनी गुंडाळलं म्हणजे खूण झालीच असणार. ती अठ्ठावीसवर गेली.

"भाऊ," सुखीबाईनं विचारलं, "दिवाळीच्या आधी चालता येईन ना? टोळी जाते आमची ऊसतोडीले. मुकादम भावसिंग माह्या नवऱ्याले म्हणते, लालसिंग, कोयता म्हणजे जोडी. एकट्याचा कोयता नसते. तू दुसरी कोणी पाह्य." ती हसली, पण ओठांनीच. "माहा नवरा ऐकून घेते. त्यानं अजून पाह्यली नाई. पण ऐकून घेते."

"चालशीन," बाबाराव म्हणाले. "धावशीन."

---

कारखान्यात बेचाळीस साचे ओळीनं उभे राहिले, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल मांडतात तसे. प्रत्येकाच्या डोक्यातून लोखंडी नळी, नळीला नंबराची चिठ्ठी. एकेक नळी पकडीत आवळायची आणि कानस घ्यायची. मांस जिथं भार सोसतं तिथं घासायचं, हाड जिथं सोसत नाही तिथं प्लास्टरचा थर चढवायचा, म्हणजे पायात तेवढी मोकळी जागा राहते. सगळी विद्या एवढीच. सगळी विद्या त्या जांभळ्या ठिपक्यांवर.

सत्तावीस नंबर पकडीत आवळला आणि बाबारावांचा हात थांबला. साचा कोरा होता. धुतल्या कपाळासारखा.

"साधना, इकडे ये बरं."

ती आली. साचा फिरवून फिरवून पाहिला. "काका, काहीच नाई उमटलं याच्यावर."

"पेन्सिल फिकी पडली असंन."

"बाकी एकेचाळीसवर नाई पडली फिकी."

"मंग तूच खूण केली नसशीन."

"केली नसती तं तुमी गुंडाळलं असतं का?" हे तिनं वादासाठी म्हटलं नाही. तिचा तसा विश्वास होता, आणि बाबारावांचा तिच्याहून जास्त. त्यांनी स्वतः पाहिले होते ठिपके.

साधनानं अर्जावरचा नंबर लावला. लालसिंगचा फोन बंद होता. दुसऱ्या दिवशीही बंद. तिनं सचिवांना विचारलं, एक पाय मागं ठेवू का, बाईला बोलावून पुन्हा माप घेऊ. सचिव म्हणाले, "बॅनर छापून आला ना. बेचाळीस म्हणजे बेचाळीस. वाटप बुधवारी, पाहुण्यांची तारीख मोठ्या मुश्किलीनं भेटली."

"मी जाऊन येतो तांड्यावर," साधना म्हणाली.

बाबारावांनी कानस उचलली. "सुपारी कुठं राहते मले मालूम नाई का? तुह्या जन्माच्या आधीपासून घासून राह्यलो."

त्यांनी डोळे मिटले आणि अंगठ्यानं साचा चाचपला. जिवंत पाय अंगठ्याला बोलतो, साचा बोलत नाही. तरी अंगठ्यानं एक जागा धरली. शंभरातल्या नव्वदांची सुपारी तिथंच असते. तिथं त्यांनी प्लास्टरचा थर चढवला, घासला, गुळगुळीत केला. दिसायला बेचाळीसांत तोच साचा देखणा झाला.

मग भट्टी. शेतात पाणी न्यायला वापरतात तसलाच जाड पाईप, फक्त अंगाच्या रंगाचा. भट्टीत वीसेक मिनिटांनी तो मऊ पडतो, काचेसारखा चमकतो. जाड हातमोजे घालून दोघांनी तो साच्यावर ओढायचा, ओल्या फडक्यानं चोपायचा. थंड झाला की आतला साचा छिन्नी-हातोड्यानं फोडून काढायचा. तो फोडावाच लागतो, सबंध बाहेर येत नाही. सत्तावीस नंबरचा पांढरा चुरा मागच्या खड्ड्यात गेला, आधीच्या हजारोंवर. खाली रबरी पाऊल बसलं, वर चामडी पट्टा. पाय तयार.

---

बुधवारी त्याच मांडवात पडद्यामागं बाबाराव एकेकाला पाय घालून देत होते आणि समोर माईकवर नंबर पुकारत होते. सुखीबाई नवं लुगडं नेसून आली होती. लालसिंग पडद्याबाहेर उभा होता, आणि त्याच्या खांद्याशी जाड मिशांचा एक माणूस. तो भावसिंग, हे कुणी सांगायला नको होतं. बैलाचे दात पाहावे तसा तो पडद्याखालून दिसणारे पाय पाहत होता.

बाबारावांनी मोजा चढवायला तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवलं आणि मोजा हातातच राहिला.

पाच ठिपके. खाली तीन. बारा दिवसांनंतरही तसेच, जागच्या जागी.

"पाय धुतला नाई का, बाई?"

"आता धुवून आली ना घरून."

त्यांनी अंगठा पाण्यात बुडवला आणि ठिपक्यावर घासला. ठिपका हलला नाही. निळा नव्हताच तो. हिरवट होता, आतून आलेला.

"गोंदण हाये ते, भाऊ. पुसलं जात नाई," सुखीबाई म्हणाली. तिला गंमत वाटली. "माह्या याडीनं, मायनं, गोंदवून घेतलं, मी लहान होती तवा. तिच्याबी पायाले असेच पाच. घोट्यावरबी होतं, ते गेलं ट्रॉलीखाली. एवढं राह्यलं. आमच्यात म्हणतेत, मेल्यावर चांदी उतरवतेत, चुडा उतरवतेत. हे उतरवत नाई कोणी. याच्यावरून याडी मले तिथं ओळखन."

बाबारावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या आईच्या हातावर गोंदणाची वेल होती. बाबासाहेबांच्या वाटेनं गेलेल्या घरात देव गेले, अंगारे-धुपारे गेले, आईच्या मनगटावरची वेल तेवढी राहिली. राळेगावच्या शिवारात कापूस वेचताना ती गायची,

*लेणं उतरलं बाई, सरणाच्या काठी*
*गोंदण निघालं माह्या संगतीसाठी*

आणि तिच्या पोराला त्या दिवशी गोंदण आणि पेन्सिल यांतला फरक ओळखू आला नाही. मोजा ओला होता, पंखा घरघरत होता, म्हातारा विनोद करत होता, आणि त्याला एकतीस वर्षांचा ताठा होता.

त्यांनी पाय चढवला. सुखीबाई उभी राहिली आणि तिचा श्वास मध्येच अडकला. बाबारावांनी हात घालून पाहिलं. मोकळी जागा अंगठाभर वर झाली होती. सुपारी खाली पाईपच्या भिंतीवर टेकत होती, आणि तिच्यामागून जाणारी नस दोन्हींच्या मध्ये.

"दुखते?"

"नाई."

"खरं सांग."

"नवं जोडं बी चावते, भाऊ."

"हे जोडं नाई. उतरव. मले आठ दिवस दे, दुसरा करून देतो."

तिनं दोन्ही हातांनी चामडी पट्टा गच्च धरला. आवाज अगदी खाली आणला. "काढू नोको. भावसिंग पाहून राह्यला. आज मी चालताना दिसली नाई त लालसिंग दुसरीसंग जाईन. काढू नोको, भाऊ."

माईकवर पुकारा झाला, "सत्तावीस नंबर."

सचिवांनी पडदा बाजूला केला. "काय झालं? पाहुणे थांबून आहेत."

एक वाक्य होतं. या पायाचं माप चुकलं, माझ्या हातानं चुकलं. बाबारावांच्या जिभेवर ते आलं आणि तिथंच बसलं. त्यांनी कापसाची एक घडी आत सरकवली आणि उठले. "सोमवारी यवतमाळले ये. नक्की ये. एका घंट्याचं काम हाये."

"येतो ना," सुखीबाई म्हणाली.

ती मंचाच्या पायऱ्या चढली. लमाणी बाईची चाल ती, घुंगरांशिवायही घुंगरांची. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला, कुणी व्हिडिओ केला. भावसिंगनं लालसिंगच्या पाठीवर थाप मारली. तिच्या कपाळावरचा घाम फक्त पडद्यामागून दिसत होता, आणि पडद्यामागं एकच माणूस होता.

घरी त्या दिवशी बाबारावांना भाकर गेली नाही. मथुराबाईंनी ताट परत उचललं. "काय झालं?"

त्यांनी सांगितलं. बायकोला सांगताना ते वाक्य सहज आलं.

"मंग जा ना उद्या तांड्यावर," मथुराबाई म्हणाल्या. "तुमचे तं दोन्ही पाय हायेत."

"उद्यापासून तीन दिवस नेरले शिबिर हाये."

"व्हय का," त्या म्हणाल्या, आणि ताट घासायला घेतलं.

---

सोमवारी सुखीबाई आली नाही. साधनानं दार उघडं ठेवलं, भट्टी तापवून ठेवली. पाईप गरम करून आतून फुगवला की सुपारीला जागा होते, पायातच होते, खरंच एका घंट्याचं काम. संध्याकाळी तिनं भट्टी बंद केली. "काका, खूण मी नाई केली ना त्या बाईले?"

"गुंडाळलं मी," बाबाराव म्हणाले. त्यांनी तिला गोंदणाचं सांगितलं. तिनं हातातली पेन्सिल खिशात टाकली.

मंगळवारी ते दारव्ह्याहून वडापच्या जीपनं तांड्यावर गेले. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं, कपाशीला बोंडं धरलेली. तांड्यात घरांना कुलपं. कडुनिंबाखाली रुपीबाई नावाची म्हातारी शेळीच्या करडाला पाला चारत होती.

"सारे गेले, बाप्पा. शनिवारी टरक आला. म्हातारे आन् शेळ्या राह्यल्या."

"सुखीबाई?"

"गेली ना. टरकात सोताच्या पायानं चढली. सारा तांडा पाह्यत होता." म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं. "पाय देनारा तूच व्हय का? लय पुन्याचं काम केलं बाप्पा तुनं. थांब, पानी पिऊन जा."

ते पाणी त्यांना प्यावं लागलं.

बुधवारी ती हो म्हणाली होती तेव्हाच तिला शनिवार ठाऊक होता. येतो म्हणताना ती येणार नव्हती. आणि ये म्हणताना, बाबारावांनी जीपच्या मागच्या बाकावर बसून स्वतःला विचारलं, ती येणार नाही हे तुले दिसत नव्हतं का? घामबी दिसला, गोंदणबी दिसलं, एवढंच काहून नाई दिसलं?

लालसिंगचा फोन दिवाळीनंतर एकदा लागला. मागं कोयत्यांचा आवाज, वाळल्या पाचटाची खसखस.

"सुखीबाईले दे."

"बरा हाये पाय, भाऊ," ती म्हणाली. "मोळी घेऊन चालतो. भावसिंग काही बोलत नाई आता."

"रगत येते का?"

"चिंधी घातली हाये."

"चिंधीनं आनखीन दाबते. ऐक. त्याले मधात भोक पाड, हाडाच्या जागी. अन् दिवसातून दोन घंटे पाय उतरवून ठेव. जखम झाली असंन तं पाय घालूच नोको. तिथल्या दवाखान्यात जा, माह्या नावानं फोन लावाले सांग."

"उतरवून बसली त मोळी कोन उचलन?" तिनं विचारलं. उलटून नव्हे. खरंच विचारलं, जसं काही त्यांच्याकडे उत्तर असेल.

त्यानंतर तो फोन लागला नाही. बाबाराव लावत राहिले. टोळी कोणत्या कारखान्याला गेली, हे म्हातारी रुपीबाई सांगू शकली असती. त्यांनी पुन्हा जाऊन विचारलं नाही. राळेगावला शिबिर होतं, मग मार्चअखेरचा हिशेब द्यायचा होता, मग उन्हाळा लागला.

---

लालसिंग सुखीबाईला घेऊन आला तेव्हा मृगाची पेरणी होऊन गेली होती. कुबड्यांवर आली. लालसिंगच्या काखेत सत्तावीस नंबरचा पाय होता, आतून काळपट डागलेला. साधनानं तो हातात घेतला आणि मागच्या खोलीत निघून गेली.

गुडघा नव्हता. मांडीचाच वीतभर तुकडा उरला होता, त्याला खाली नवा, लाल शिवणीचा वण.

"हाडात गेलतं," लालसिंग म्हणाला. "आम्ही हळद भरली, मलम भरलं. ती बोललीच नाई, साहेब. ताप चढला तवा समजलं. तिथल्या डॉक्टरनं सांगतलं, गुडघा ठेवला तं बाई जाईन." तो उभाच होता. चाळिशीच्या माणसाचा चेहरा, पण खांदे म्हाताऱ्यासारखे. "यंदा मी एकटाच जाईन. भावसिंग म्हणते..." पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर गेला.

बाबारावांनी स्टूल ओढलं. मांडीच्या पायाला पाईपचा गुडघा लागतो, त्याला कुलूप लागतं, कमरेला पट्टा लागतो. चालता येतं. ऊस तोडता येत नाही. त्यांनी मोजा ओला केला, आणि साधनाची पेन्सिल घेऊन खुणा स्वतः केल्या. एकेक खूण करून तिच्यावर बोट टेकवून पाहिलं. एकतीस वर्षांत इतक्या सावकाश त्यांनी कधी खूण केली नव्हती.

"भाऊ," सुखीबाईनं विचारलं, "कापल्यावर तो पाय कुठं टाकतेत?"

"जाळतेत, बाई. दवाखान्याची भट्टी राहते."

"माह्या आधीच गेलं म्हनजे." तिनं बोटांनी मांडीखालची रिकामी जागा चाचपली, जिथं गुडघा असता, त्याच्या जरा खाली, बाहेरच्या अंगाला. "याडी वाट पाहून राह्यली असंन. गोंदण आलं, पोरगी नाई आली."

बाबारावांच्या हातात पेन्सिल होती. फळीवर मागच्या शिबिराचा एक तयार पाय उभा होता, अंगाच्या रंगाचा, कोरा. त्यांना काहीतरी करायचं होतं. काहीही. "तुह्या नव्या पायावर काढून देऊ? पाच ठिपके, त्याच जागी?" आणि तिनं काही म्हणायच्या आत त्यांनी तो पाय मांडीवर घेतला, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि ठिपका दिला. पाईपवर पेन्सिल धरेना. जांभळा ओघळ निघाला आणि बोट लागताच पुसून गेला. "खिळा तापवून डागतो. तो नाई जात."

सुखीबाई हसली. शिबिरात हसली होती तशी, ओठांनीच.

"भाऊ, हा तं उतरते ना. झोपताना उतरते, मरताना उतरवतीन. आन् दुसऱ्या कोनाले देतीन. जे उतरते त्याच्यावर गोंदण कायले?"

त्यांनी पाय परत फळीवर ठेवला. बाहेर लालसिंग नळाशी उभा राहून तोंडावर पाणी मारत होता. आता तरी सांगावं. ते वाक्य दारव्ह्यापासून त्यांच्या तोंडात होतं, नऊ महिने, आणि त्याला कुणाचंच बॅनर आता आडवं नव्हतं.

"सुखीबाई, चूक माह्यी होती. तुह्या गोंदणाले मी पेन्सिलची खूण समजलो. साचा कोरा निघाला, तवा बी थांबलो नाई मी. बुधवारी तं डोळ्यानंच पाह्यलं."

तिला आश्चर्य वाटलं नाही.

"मालूम हाये," ती म्हणाली. "तू अंगठा ओला करून घासला ना, तवाच समजलं मले, काहीतरी चुकलं याचं. तुहं तोंड पांढरं पडलतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"मले भावसिंगचं भेव होतं." तिनं लुगड्याचा काठ मांडीवर सारखा केला. "तुले कोनाचं होतं?"

बाबारावांनी बादलीत पट्टी बुडवली. बुडबुडे येईस्तोवर धरून ठेवली, मग पिळली, आणि तिच्या मांडीला पहिला वेढा घातला. प्लास्टर सुकताना गरम होतं. दरवेळी ते माणसाला आधी सांगून ठेवत, घाबरू नको, जरा ऊन लागेल. आज ते सांगायचं राहून गेलं. दोघं ते प्लास्टर गरम होत जाताना पाहत बसली.